हिमरात्रीचा सोबती

युरोप खंडाच्या उत्तर टोकाला नॉर्वे हा देश आहे. उंच डोंगर, देवदारांची अरण्ये आणि भूमीत दूरवर शिरलेल्या समुद्राच्या खाड्या यांनी तो व्यापलेला आहे. आपल्याकडे थंडीचे दिवस सुखाचे मानतात. सकाळी कोवळे ऊन अंगावर घ्यावे आणि रात्री शेकोटीभोवती बसून गप्पा माराव्या. नॉर्वेतील हिवाळा असा सौम्य नव्हे. तेथे महिनेच्या महिने जमीन बर्फाखाली गडप होते, तळी गोठून दगडासारखी कठीण बनतात, डिसेंबरात राजधानीतही सूर्य जेमतेम सहा तास दिसतो आणि अगदी उत्तरेकडील गावांत तर तो कित्येक आठवडे उगवतच नाही. असल्या ऋतूत माणसांनी दारे लावून घरात बसावे असे कोणालाही वाटेल. परंतु नॉर्वेच्या लोकांनी फार प्राचीन काळीच हिमाशी सलगी केली. लाकडाच्या लांब, अरुंद आणि पुढच्या टोकाशी वर वळलेल्या दोन पट्ट्या पायांना बांधून ते बर्फावरून चालतात, धावतात, डोंगरउतारावरून वाऱ्याच्या वेगाने घसरत खाली येतात. या पट्ट्यांना स्की म्हणतात. बुटांच्या तळाशी पोलादी पाती बसवून गोठलेल्या तळ्यावर गिरक्या घेणे, हा त्यांचा दुसरा आवडता खेळ. त्या पात्यांना स्केट असे नाव आहे.

या खेळांत वाढलेल्या एका मुलाचे नाव होते फ्रित्यॉफ नान्सेन. १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया शहराजवळ, म्हणजे आजच्या ओस्लोजवळ, त्याचा जन्म झाला. वडील वकील होते. शिस्तीचे, मितभाषी, काटकसरी. आईचा स्वभाव निराळा होता. घरकाम, बागकाम ती स्वतः करी आणि स्त्रियांनी स्कीवर चढणे शिष्टसंमत नसलेल्या त्या काळातही ती मोठ्या हौसेने बर्फावर फिरायला जाई. घराच्या मागेच मोठे अरण्य पसरलेले होते. हिवाळा आला की फ्रित्यॉफ आणि त्याचा भाऊ दिवसच्या दिवस त्या अरण्यात घालवीत.

फ्रित्यॉफच्या पहिल्या स्की म्हणजे थोरल्या भावंडांच्या जुन्या पट्ट्या कापून केलेली एक विजोड जोडी होती. तिची एक पट्टी लांब, तर दुसरी आखूड होती. ते पाहून ओळखीच्या एका मुद्रकाला दया आली आणि त्याने मुलाला नवी जोडी देण्याचे कबूल केले. मुलगा ते वचन विसरला नाही आणि देणाऱ्यालाही विसरू देईना. अखेर एके दिवशी तांबड्या रंगाच्या, काळ्या रेघांनी सजवलेल्या नव्या कोऱ्या स्की घरी आल्या. पुढे दहा वर्षे त्याने त्या वापरल्या.

याच स्की घेऊन तो एकदा हुसेबीच्या टेकडीवर गेला. तेथील उतारावरून मोठी माणसे लांब उड्या मारीत. मुलांना तेथे जाण्याची घरून सक्त मनाई होती. परंतु इतरांच्या उड्या पाहून त्याला राहवेना. तो उतारावरून निघाला, हवेत उडाला आणि स्कींची टोके बर्फात रुतली. स्की तेथेच उभ्या राहिल्या. त्यांचा मालक मात्र हवेत कमान काढून पुढे गेला आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीत कमरेपर्यंत बर्फात घुसला. टेकडीवर क्षणभर शांतता पसरली. मुलाची मान मोडली, असेच सर्वांना वाटले. पण त्याचे पाय हलताना दिसताच त्या शांततेची जागा हास्याच्या गडगडाटाने घेतली. नान्सेनने ही फजिती मोठेपणी स्वतःच लिहून ठेवली आहे. पुढे त्याच हुसेबीच्या स्पर्धांत तो मानाने उतरू लागला.

विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्र हा विषय घेतला. बाहेर मोकळ्या हवेत हिंडायला मिळेल म्हणून तो निवडला खरा, पण त्याचा बराचसा अभ्यास सूक्ष्मदर्शकापुढे बसूनच झाला. १८८२ साली सील प्राण्यांची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून त्याने उत्तरेकडील समुद्राची सफर केली आणि दुरून ग्रीनलंडचा हिममय किनारा पाहिला. त्याच वर्षी बर्गेन शहराच्या संग्रहालयात त्याला नोकरी मिळाली. बर्गेन पश्चिम किनाऱ्यावर आहे, राजधानी पूर्वेस आणि दोहोंच्या मध्ये उंच पर्वत. १८८४ च्या हिवाळ्यात स्कीची स्पर्धा गाठण्यासाठी हा तरुण ते पर्वत स्कीवरून ओलांडून राजधानीला गेला व स्पर्धा संपल्यावर त्याच मार्गाने परत आला. त्या ऋतूत तो मार्ग अनुभवी शेतकरीही टाळीत. वाटेत बर्फात खळगा करून रात्र काढण्याचीही पाळी त्याच्यावर आली. याला धाडस म्हणावे की अविचार, याचा निर्णय सोपा नाही. पण चढ-उतारांचे, वादळाचे आणि स्वतःच्या शक्तीचे जे ज्ञान त्याला त्या प्रवासात मिळाले, ते त्याला पुढे फार उपयोगी पडले.

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक भाग हजारो फूट जाडीच्या हिमाने झाकलेला आहे. त्या काळापर्यंत ते हिमपठार आरपार कोणी ओलांडले नव्हते. प्रयत्न झाले, ते पश्चिमेकडून. पश्चिम किनाऱ्यावर वस्ती होती. अडचण येताच प्रवासी मागे फिरत. नान्सेनने बेत नेमका उलटा केला. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरायचे आणि वस्ती असलेल्या पश्चिमेकडे चालायचे, म्हणजे मागे फिरण्याची सोयच उरणार नाही. अनेकांनी हा बेत वेडेपणाचा ठरवला. सरकारने पैसे देण्याचे नाकारले. मोठी मदत मिळाली ती डेन्मार्कमधील एका व्यापाऱ्याकडून.

१८८८ च्या जुलै महिन्यात नान्सेन आणि त्याचे पाच साथीदार दोन होड्यांतून जहाजावरून उतरले. साथीदारांत ओटो स्वेर्ड्रुप हा कसलेला दर्यावर्दी होता आणि हिमात जन्म काढलेले दोघे सामी जमातीचे लोक होते. किनारा समोर दिसत असता तरंगत्या हिमखंडांनी त्यांना बारा दिवस दक्षिणेकडे वाहून नेले. अखेर जमीन हाती लागली, पुन्हा उत्तरेकडे वल्ही मारावी लागली, आणि १५ ऑगस्टच्या सुमारास चढण सुरू झाली. घसरगाड्या ओढीत ते समुद्रसपाटीपासून २,७०० मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचले. रात्री पारा शून्याखाली ४५ अंशांपर्यंत उतरे. उतार लागला तेव्हा मात्र त्यांनी गाड्या एकमेकींना जोडल्या, त्यांवर शिडे उभारली आणि वारा भरताच त्या हिमावरून जहाजांसारख्या धावू लागल्या. लहानपणच्या खेळाचा आनंद या सहा दमलेल्या माणसांना त्या ओसाड पठारावर पुन्हा लाभला. ऑक्टोबरच्या आरंभी, तंबूचे कापड आणि झाडांच्या काटक्या यांची होडी करून नान्सेन व स्वेर्ड्रुप पश्चिम किनाऱ्यावरील गोटहोप या गावी पोहोचले.

वर्षातील शेवटचे जहाज हातचे गेले होते. सहाही जणांना हिवाळा तेथेच काढावा लागला. नान्सेनला त्याचे वाईट वाटले नाही. तो तेथील एस्किमो लोकांच्या, म्हणजे ज्यांना आता इनुइट म्हणतात त्यांच्या, घरी राहिला. त्यांचे अन्न त्याने खाल्ले, त्यांची भाषा तो शिकू लागला आणि कयाक चालवण्याची विद्या त्याने घेतली. कयाक ही कातड्याने मढवलेली अरुंद होडी असते. जरा तोल गेला की ती उलटते. या गुरूंचे ऋण त्याने नेहमी मानले. स्वदेशी परतल्यावर त्याने ग्रीनलंडच्या सफरीचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि तो वाचून युरोपातील कितीतरी लोक स्कीच्या खेळाकडे वळले.

१८८९ साली त्याचा विवाह एव्हा सार्स हिच्याशी झाला. ती उत्तम गायिका होती आणि स्कीतही निपुण होती. त्यांची पहिली भेट झाली तीही हिमातच. डोंगरावर फिरताना नान्सेनला बर्फातून वर आलेले दोन पाय दिसले. ते पाय या पडलेल्या तरुणीचे होते. हुसेबीच्या टेकडीची त्याला त्या वेळी आठवण झाली असल्यास नवल नाही.

यानंतर त्याने जो बेत मांडला, तो ग्रीनलंडहूनही धाडसी होता. सायबेरियाच्या उत्तरेस १८८१ साली बुडालेल्या ‘जीनेट’ या जहाजाचे अवशेष १८८४ साली ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले होते. यावरून उत्तर ध्रुवाच्या समुद्रावरील हिम पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहत असले पाहिजे, असा तर्क निघाला. नान्सेन म्हणे की, मग हिमाशी झगडावे कशाला? मजबूत जहाज आपण होऊन हिमात अडकवावे आणि हिम नेईल तिकडे जावे. कॉलिन आर्चर या कुशल कारागिराने त्याच्यासाठी ‘फ्राम’ नावाचे जहाज बांधले. फ्राम म्हणजे पुढे. जहाजाच्या बाजू दोन फुटांहून अधिक जाड होत्या आणि तळ असा गोलसर होता, की हिमाने दोन्हीकडून आवळले असता जहाज चिरडून न जाता वर उचलले जावे.

२४ जून १८९३ रोजी फ्राम निघाले. त्यावर एकूण तेरा माणसे होती. सप्टेंबरात ते सायबेरियाच्या उत्तरेस हिमात रुतले. ऑक्टोबरात हिमाचा दाब प्रथम जाणवला, तेव्हा मेघगर्जनेसारखा आवाज झाला आणि सगळे धावत बाहेर आले. जहाज मात्र कल्पनेप्रमाणे अलगद वर उचलले गेले. काही दिवसांनी तो आवाज इतका परिचयाचा झाला, की माणसे हातातील पत्तेही खाली ठेवीनात.

मग खरी परीक्षा सुरू झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य मावळला, तो फेब्रुवारीपर्यंत न उगवण्यासाठी. अशा दीर्घ रात्रीने पूर्वीच्या अनेक मोहिमांतील माणसे खचली होती. कोणाला रोगाने ग्रासले, तर कोणाला कलहाने. नान्सेनने याचा विचार आधीच केला होता. जहाजाच्या भिंतींना कित्येक थरांचे अस्तर होते, त्यामुळे आत ऊब राही. डेकवर पवनचक्की उभारली होती. वारा वाहू लागला की तिच्यावर वीज निर्माण होई आणि बाहेर निबिड अंधार असता आत लख्ख उजेड पडे. शेकडो पुस्तके होती. ऑर्गन होता, अकॉर्डियन होते. बुद्धिबळ होते, पत्ते होते, हालमाचा पट होता. लोहारकाम, सुतारकाम, चांभारकाम, शिडांची शिलाई, यांपैकी काही ना काही प्रत्येकाच्या वाट्याला येई. सर्वजण एकाच दालनात, एकाच प्रकारचे अन्न खात. कोणी आजारीच पडेना, तेव्हा डॉक्टर रिकामा राहिला. त्याने वाचून फाटलेल्या पुस्तकांची बांधणी करण्याचा उद्योग आरंभला आणि जहाजावरचे एक हस्तलिखित वर्तमानपत्रही संपादित केले. त्यात विनोदी कविता येत, चित्रे येत आणि परस्परांची थट्टा येई.

सण आणि वाढदिवस तर एकही चुकत नसे. १७ मे हा नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. १८९४ साली त्या दिवशी हिमसागरावर एक मिरवणूक निघाली. पुढे निशाणे, मागे कुत्र्यांची घसरगाडी आणि गाडीत बसून अकॉर्डियन वाजवणारा योहान्सेन, असा थाट होता. मैलोगणती दुसरा मनुष्य नसताना ही मिरवणूक जहाजाला प्रदक्षिणा घालून आली. शरद ऋतूत नान्सेनने आणखी एक नियम केला. उजेड असेपर्यंत प्रत्येकाने रोज अकरा ते एक स्कीवरून फिरायलाच हवे. जहाज बुडाले तर शेकडो मैल चालत जावे लागेल आणि ज्याला स्की येत नाही तो सर्वांच्या पायातील बेडी होईल, हा विचार त्या नियमामागे होता.

एवढे सगळे असूनही नेत्याचे मन शांत नव्हते. तो तासन्‌तास एकटाच हिमावर फिरे. जहाज कधी पुढे जाई, कधी मागे येई. ध्रुव काही जवळ येत नव्हता. त्याच्या लहरी स्वभावाचा जाच साथीदारांना होई, हेही खरे. शेवटी त्याने निश्चय केला, की जहाज स्वेर्ड्रुपच्या हवाली करून स्वतः पायी ध्रुवाकडे निघावे. १४ मार्च १८९५ रोजी तो आणि ह्याल्मार योहान्सेन अठ्ठावीस कुत्रे, तीन घसरगाड्या व दोन कयाक घेऊन निघाले. फिरत्या हिमावरील जहाज पुन्हा सापडणे अशक्य होते. परतीची वाट या वेळीही नव्हती.

८ एप्रिल रोजी ते ८६ अंश १३ कलांवर पोहोचले. तोपर्यंत इतक्या उत्तरेस मनुष्याचे पाऊल पडले नव्हते. परंतु पुढे हिमाच्या उंच रांगांमागे रांगा होत्या आणि पायाखालचे हिम दक्षिणेकडे वाहत होते. नान्सेनने ध्रुवाचा हट्ट सोडला. इतके कष्ट केल्यावर मागे फिरणे त्याच्यासारख्या मानी पुरुषाला सोपे नव्हते. पण त्या निर्णयाने दोघांचे प्राण वाचले.

परतीची वाट चार महिन्यांहून अधिक काळ चालली. एकेक कुत्रा मारून उरलेल्यांना खाऊ घालावे लागले. शेवटचे दोन राहिले, तेव्हा आपला कुत्रा आपल्या हाताने मारणे दोघांनाही होईना. म्हणून नान्सेनने योहान्सेनच्या कुत्र्यावर आणि योहान्सेनने नान्सेनच्या कुत्र्यावर गोळी झाडली. ऑगस्टच्या अखेरीस ते फ्रान्स योझेफ भूमीच्या एका बेटावर अडकले. हिवाळा दाराशी आला होता. त्यांनी जमिनीत खळगा खणला, भोवती दगड रचले, भेगा शेवाळाने बुजवल्या आणि वाहत आलेल्या एका ओंडक्यावर वॉलरसची कातडी पसरून छप्पर केले. दहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी ती झोपडी. चरबीच्या दिव्यावर सकाळी अस्वलाच्या मांसाचा रस्सा शिजे आणि रात्री अस्वलाचेच मांस तळले जाई. दुसरा पदार्थ नव्हता.

येथे ऑर्गन नव्हता, पत्ते नव्हते. पुस्तके म्हणायची तर नाविकांचे पंचांग आणि आकड्यांची कोष्टके. तीच पुन्हा पुन्हा वाचून त्यांना जवळजवळ पाठ झाली. छपरावर कोल्ह्यांची पावले वाजत; त्या चोरट्यांनी एकदा तापमापकही पळवला. दोघे दिवसातील वीस वीस तास झोपत. जाग असे तेव्हा फ्राम आता कोठे असेल याचा हिशेब करीत, नाहीतर कापडाच्या दुकानात जाऊन कोरे, मऊ कपडे निवडण्याच्या गप्पा मारीत. अंगावरचे कपडे तेलाने आणि काजळीने चिकट झाले होते. नाताळच्या सणाला योहान्सेनने आतला सदरा बाहेर आणि बाहेरचा आत घातला, तेवढाच उत्सव. चिमूटभर साधनांत सण साजरा करण्याची ही हौस त्यांनी फ्रामवरूनच आणली होती.

मागील नऊ महिने हे दोघे पुष्कळदा एकाच पिशवीत शेजारी शेजारी झोपत आले होते. तरीही त्या काळच्या रीतीला अनुसरून ते एकमेकांना अहो-जाहोच करीत. १८९५ सालच्या शेवटच्या रात्री मात्र त्यांनी ठरवले, की यापुढे अरे-तुरे म्हणायचे.

१९ मे १८९६ रोजी ते दक्षिणेकडे निघाले. जूनमध्ये एकदा त्यांच्या दोन्ही कयाक दोर सुटून वाहत गेल्या. अन्न, काडतुसे, सारे त्यांतच होते. नान्सेनने त्या बर्फासारख्या पाण्यात उडी घेतली. हातपाय बधिर होत असता तो पोहत राहिला आणि शेवटी मोठ्या कष्टाने कयाकवर चढला. योहान्सेनला किनाऱ्यावरून पाहत राहण्यापलीकडे काही करता येईना. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जून रोजी, नान्सेनच्या कानी कुत्र्यांचे भुंकणे आले. तो स्कीवरून आवाजाच्या दिशेने गेला. समोरून एक स्वच्छ, दाढी केलेला गृहस्थ आला. तो फ्रेडरिक जॅक्सन हा इंग्रज संशोधक होता. काजळीने काळवंडलेल्या, जटा वाढलेल्या त्या पाहुण्याला त्याने ओळखलेही नाही. जॅक्सनच्या तळावर दोघांचे वजन केले, तेव्हा सर्वांना आश्चर्य वाटले. एवढ्या हालअपेष्टांनंतर नान्सेनचे वजन सुमारे १० किलोने वाढलेले होते!

१३ ऑगस्ट रोजी नान्सेन नॉर्वेच्या किनाऱ्याला लागला. त्याच दिवशी फ्राम हिमाबाहेर पडले. तेराही माणसे सुखरूप घरी आली. त्यांनी जमवलेल्या माहितीवरून उत्तर ध्रुवाचा समुद्र फार खोल असल्याचे कळले आणि हिम वाऱ्याच्या दिशेला न जाता किंचित उजवीकडे का सरकते, याचा विचार करता करता एकमान या शास्त्रज्ञाने सागरप्रवाहांचा महत्त्वाचा सिद्धांत मांडला.

पुढे नान्सेन प्राध्यापक झाला, आणि १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाल्यावर काही काळ तो लंडनमध्ये देशाचा वकील होता. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्याच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याचे काम सोपवले. सुमारे दीड वर्षात चार लाखांहून अधिक कैदी मायदेशी परतले. १९२१ साली रशियात भीषण दुष्काळ पडला. ज्याने हिवाळ्यात खेळाचा आनंद लुटला होता, त्याने त्या वर्षी व्होल्गा नदीच्या खोऱ्यात जाऊन दुसराच हिवाळा पाहिला. तेथे ना ऊब होती, ना अन्न. रस्त्याकडेला प्रेते पडलेली होती. राष्ट्रसंघापुढे त्याने सरकारांना कळवळून मदत मागितली. बहुतेकांनी ती नाकारली. तेव्हा गावोगाव भाषणे देऊन, छायाचित्रे दाखवून त्याने लोकांकडूनच पैसे जमवले. ज्यांना कोणताही देश आपले म्हणेना, अशा निर्वासितांसाठी १९२२ साली त्याच्या नावाचे पारपत्र निघाले आणि पन्नासाहून अधिक देशांनी ते मान्य केले. त्याच वर्षीचे नोबेल शांतता पारितोषिक त्याला मिळाले. त्याची रक्कम त्याने आपद्‌ग्रस्तांच्या कामी दिली.

हिवाळ्याची सुटी डोंगरात घालवण्याचा परिपाठ त्याने वृद्धपणीही मोडला नाही. फेब्रुवारी १९३० मध्ये अडुसष्टाव्या वर्षी तो मित्रांबरोबर स्कीवरून निघाला. नेहमी सर्वांच्या पुढे असणारा हा मनुष्य या वेळी लवकर थकतो, हे सोबत्यांच्या ध्यानात आले. घरी परतल्यावर त्याने अंथरूण धरले. १३ मे रोजी त्याने देह ठेवला आणि १७ मे या दिवशी, ज्या दिवशी हिमसागरावर निशाणांची मिरवणूक निघाली होती त्याच राष्ट्रीय दिनी, त्याला निरोप देण्यात आला. त्याच्या घराच्या बागेतील एका झाडाखाली त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत.